सोन्यावरची मिरची

नंदुरबारला जाते आहे असं सांगितलं की पुण्यात लोक एकच विचारतात : तिथे पाहण्यासारखं काय आहे? काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. माझं माहेर मालवणकडचं, नोकरी पुण्यात. नाशिकच्या पुढचा महाराष्ट्र माझ्या लेखी नकाशातला एक फिकट कोपरा होता. त्या कोपऱ्यात एक ठिकाण ठळक झालं ते भूषणमुळे.

भूषण माझा विद्यार्थी. पीएच.डी.साठी माझ्याकडे आला आणि नंतर प्रयोगशाळेतच रुळला. मी तिथे गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका रात्री तो वसतिगृहातल्या आपल्या खोलीत झोपला आणि उठलाच नाही. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. त्याचे वडील आणि काका आले, त्याला गावी घेऊन गेले. त्या दिवशी त्यांच्याशी माझं चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, जागृतीचा फोन आला. ती नंदुरबारला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती.

"मॅडम, मला एमएस्सीला पुण्याला यायचंय. पण आप्पा म्हणतात, दादा तुमच्या त्या वायूने गेला. मलाही तसंच होईल म्हणतात. तुम्ही एकदा घरी येऊन सांगाल का, की तसलं काही नसतं तुमच्याकडे?"

"कसला वायू?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"कार्बन मोनॉक्साइड," ती म्हणाली.

मी येते म्हणाले. मात्र 'तसलं काही नसतं' असं मला सांगता येणार नव्हतं, कारण ते असतं.

इथे आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही रेणूंची चित्रं काढतो. सोन्याचा, शर्टाच्या बटणाएवढा गुळगुळीत तुकडा घ्यायचा. हवा उपसून काढलेल्या पोलादी भांड्यात तो थंड करायचा, इतका थंड की त्याहून थंड होण्याला फारशी जागाच उरू नये. त्यावर एखाद्या सेंद्रिय पदार्थाचे मोजके रेणू बसवायचे. मग एक अतिशय बारीक टोक त्यांच्यावरून फिरवायचं. टोक टेकवायचं नसतं, फक्त इतकं जवळ न्यायचं की खालच्या अणूंची ओढ त्याला जाणवावी. हे टोक ज्या स्फटिकाला चिकटवलेलं असतं तो मनगटी घड्याळात असतो तसलाच. तो सतत थरथरत असतो, आणि खाली अणू आला की त्या थरथरीचा ठेका किंचित बदलतो. तो बदल टिपत, रेघेखाली रेघ ओढत गेलं की चित्र तयार होतं. नाव सूक्ष्मदर्शक असलं तरी यात बघणं काहीच नाही, सगळं चाचपणं आहे. नुसत्या धातूच्या टोकाने चाचपलं तर चित्र धूसर येतं. म्हणून त्या टोकाच्या अगदी शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू उचलून बसवावा लागतो. एकच. तो बसला की धुकं निवळावं तसा रेणूचा सांगाडा दिसू लागतो.

पाहुणे आले की मी हे सगळं समजावत बसे. भूषण एका वाक्यात संपवायचा. "अंधारात डब्यात हात घालून मिरची कोणती नि चिंच कोणती ते ओळखायचं, बस."

नंदुरबार

जळगावला गाडी बदलली. अमळनेर गेलं, दोंडाईचा गेलं. कपाशी वेचून झालेली राखाडी शेतं, मधूनच केळीचा हिरवा चौकोन, पपईच्या बागा, आणि उत्तरेला लांबवर सातपुड्याची निळी रेघ. आमच्याकडे डोंगर अंगावर येतात; इथे ते पाहुण्यासारखे अंतर राखून बसले होते.

स्टेशनवर जागृती उभी होती. फोटो पाहिलेला नसतानाही मी तिला ओळखलं असतं. बोलण्याआधी भुवया उंचावायची भूषणची सवय तिच्यात तशीच होती. तिने माझी पिशवी घेतली, आणि मी नको म्हणताच भुवया उंचावल्या. मी पिशवी सोडून दिली.

रिक्षावाला तिच्या ओळखीचा निघाला, आणि दोघं अहिराणीत बोलू लागली. "काय वं जागृती, पाव्हन्या कोठल्या?"

"पुनान्या मॅडम शेतस. दादा तेस्नाकडे व्हता."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. शहर संपता संपता म्हणाला, "मॅडम, नाक बांधी ल्या. आते पथारी येई."

पथारी हा शब्द मी भूषणकडून इतक्यांदा ऐकला होता की ती पाहिलीच आहे असं मला वाटायचं. पाहिली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघड्या माळावर लाल मिरची अंथरलेली, नजर जाईल तिथपर्यंत. ओली मिरची बाजारातून इथे येते आणि उन्हात वाळेपर्यंत जमिनीवर पसरून ठेवतात, तीच पथारी. मधल्या वाटांवरून तोंड बांधलेल्या बाया वाकून मिरची वरखाली करत होत्या. मला आमच्या किनाऱ्यावर वाळूत पसरलेली सुकट आठवली. तिथेही बाया अशाच वाकलेल्या असतात. फरक एवढाच की तिथला वास घरी गेल्यावरही अंगाला चिकटून राहतो, आणि इथला आधी घशात शिरतो.

पदर बांधायला मी उशीर केला होता. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. जागृती पाठीवर हात फिरवत हसली. "दादा म्हणायचा, मॅडम आल्या की आधी पथारीवर नेऊ. लॅबमध्ये रागावतात त्याचा हिशेब तिथे चुकता होईल."

गाव

गाव नंदुरबारहून प्रकाशाला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आहे. घर सिमेंटचं, पुढे मोठं अंगण, अंगणात बाज, आणि बाजेवर भूषणचे वडील. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणू लागले. उंच, सडपातळ, बोलणं कमी. त्यांनी हात जोडले, "या मॅडम," म्हणाले, आणि मला बाजेवर बसवून स्वतः ओट्याच्या कडेवर बसले.

भूषणची आई मात्र सरळ येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "आखाजीले त्यानी घागर भरी मी. वर डांगर ठेवं. त्याले डांगर भलतं आवडे." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी इथे घागर भरून पुजतात आणि वर खरबूज ठेवतात, त्याला डांगर म्हणतात. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घरात जपून, आवाज खाली करून घेतात. इथे ते जेवणखाण्यातल्या वस्तूंसोबत सहज येत होतं, जणू तो कापूस घेऊन बाजारात गेला आहे.

जेवायला हिरव्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली होती. हे भरीत भूषण दर हिवाळ्यात वसतिगृहाच्या गच्चीवर करायचा प्रयत्न करी, आणि दरवेळी काड्या मिळाल्या नाहीत म्हणून हळहळे. पहिला घास घेतल्यावर मला कळलं की ते खरंच काड्यांचं काम होतं. उगाचच वाटलं, त्याला हे सांगायला हवं.

जेवताना मला वाटलं, वातावरण थोडं सैल करावं. म्हणून मी मिरचीची गोष्ट सांगितली.

एका दिवाळीनंतर भूषण स्टेशनवरून तडक प्रयोगशाळेत आला. सगळ्यांसाठी घरची मिरचीपूड आणली होती, ती त्याने तिथेच वाटली. मग हातमोजे चढवले, त्याच हातमोज्यांनी उरलेल्या पिशवीचं तोंड बांधलं, आणि तापवून रेणू उडवायची बारीकशी कुपी भरायला बसला. त्यानंतरच्या चित्रांत आमच्या चपट्या, शहाण्यासारख्या बसलेल्या रेणूंच्या मध्येमध्ये कोणीतरी अनोळखी दिसू लागलं. एक षट्कोनी डोकं आणि वळवळणारी लांब शेपटी. आम्ही पंपाच्या तेलावर संशय घेतला, रसायन पुरवणाऱ्याशी भांडलो. हे काही आठवडे चाललं. एक दिवस भूषण कुपी भरायचं टेबल पुसत होता, आणि पुसता पुसता त्याने डोळा चोळला. त्याची किंकाळी ऐकून आम्ही धावलो, तर हा नळाखाली डोळा धरून हसतोय आणि ओरडतोय, "मॅडम, सापडला! मिरची आहे मिरची!"

"मी इतकी चिडले होते," मी म्हणाले. "सगळं यंत्र उघडून, धुऊन, दिवसचे दिवस तापवावं लागलं. आणि हे सगळं झाल्यावर तो मला म्हणतो, मॅडम, आता मुद्दाम घालू या. मिरचीचा तिखटपणा ज्या रेणूत असतो त्याचंच चित्र काढू या."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "असाच व्हता तो."

आप्पाही हसले. मग घास हातात धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमनं ते भांडं एकदम बंद. आत हवासुद्धा नही."

"नाही."

"तरी मन्ही मिरची आत गई."

"गेली."

"मंग आतलं बाहेर येवाले काय अडचन शे?"

"आप्पा!" जागृती म्हणाली. आई हसायची थांबली.

मी विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, "येऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. वायूची एक बाटली आमच्याकडे आहे. एवढी." मी कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला. "तिच्यातलं आत सोडतो ते इतकं कमी की ह्या चुलीच्या धुरात त्याच्या कित्येक पट असेल. आणि भिंतीवर घंटा आहे. वायू सुटला तर ती वाजते. ती वाजली नव्हती."

"मिरची गई तवय वाजनी व्हती का घंटा?"

"मिरचीची घंटा नाही आमच्याकडे."

"मंग," आप्पा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

माझीच गोष्ट त्यांनी माझ्यासमोर उभी केली होती, आणि तिच्यात चूक काढायला मला काही सापडेना. जागृतीने मागच्या अंगणात मला गाठलं. तिचा आवाज रडवेला होता. "मॅडम, तुम्ही नुसतं नाही म्हणायचं होतं."

"तू आल्यावर ती बाटली तुला दिसली असती."

"दिसली असती तर मी काय आप्पांना सांगायला आले असते?"

एवढं बोलून ती आत निघून गेली.

पथारी

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची ओली मिरची नंदुरबारला जायची होती. छोट्या टेम्पोत पुढे दोन जागा होत्या. मी येऊ का, असं विचारलं. त्यांनी माझ्या सुती साडीकडे पाहिलं, आत जाऊन एक उपरणं आणलं आणि माझ्या हातात दिलं. "तोंडले."

टेम्पो ते अगदी सावकाश चालवतात. मागच्या पोत्यांना जणू झोप लागली आहे.

मिरची उतरवून घेत होते त्या पथारीवर बायांची एक टोळी देठ खुडायला बसली होती. उपरणं बांधूनही मला खोकला आलाच.

"आप्पा, ही कोठली पाव्हनी?" त्यांच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली. "शहरनं नाक दिसी ऱ्हायनं."

दुसरी म्हणाली, "राहू दे वं. संध्याकाळलोंग सवय व्हई जाई. नही ते नाक तरी गयी जाई."

सगळ्या खिदळल्या. आप्पा म्हणाले, "भूषणन्या मास्तरीन शेतस त्या."

वयस्कर बाईने हातातली मिरची खाली ठेवली. "भूषण? धाकला व्हता तवय आठेच बसे आमनासंगे देठ खुडाले. अन डोया चोयत घर जाये रडत. कितलंदा सांगं, मिरचीना हात डोयाले लावू नको. आयकेच नही." ती माझ्याकडे बघत होती. "मोठा व्हयना मंग ती सवय गई का त्यानी?"

"नाही गेली," मी म्हणाले.

आप्पांनी मान दुसरीकडे वळवली. मग टेम्पोच्या सावलीत दोन रिकाम्या पोत्यांवर आम्ही बसलो आणि कोणीतरी चहा आणून दिला. समोर सगळं लाल, वर कोरडं निळं आकाश.

"मॅडम," ते म्हणाले, "माले कोनी काहीच नही सांगं. डॉक्टर सांगे शीर फुटनी. पोलीस सांगे दार आतून बंद. मी खोली देखी. थंडीना दिन, खिडकी बंद, फटीले कागद लायेल. आम्हनाकडे शेगडी लई झोपेल मानसं असेच सापडतस. त्यानं डोकं दुखे, त्यानी मायले फोनवर सांगे तो. अन त्या वायूनं नाव त्यानीच माले सांगेल, दिवाईले. मी काय समजू?"

ते हे इतकं शांतपणे बोलले की मला प्रथमच कळलं, त्यांना माझ्यावर आरोप करायचा नव्हता. हातात आलेले चार तुकडे त्यांनी जुळवले होते. आम्हीही रोज तेच करतो. टोकाला जेवढं जाणवलं तेवढ्यावरून चित्र काढतो. त्यांना मधल्या कितीतरी रेघा मिळाल्याच नव्हत्या.

"आप्पा, त्या संध्याकाळी मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते," मी म्हणाले. "उजव्या हाताला आमची दोन मुलं होती. दार लोटलेलं, खोली एक, हवा एक. दुपारपासून आम्ही चौघं तिथेच होतो. तो वायू सुटला असता तर चौघांनाही लागला असता. बाटली प्रयोगशाळेत भिंतीला साखळीने बांधलेली असते, ती तिथेच होती. त्याच्या खोलीत तसलं काही नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही व्हत्यात?"

"होते."

"शेवटलोंग?"

"तो खोलीवर जायला निघेपर्यंत."

आप्पांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. वायूबद्दल ते पुढे एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "जेवना व्हता का तो?"

मग मी सगळं सांगितलं. मध्ये आम्ही जेवायला उठलो तेव्हा कॅन्टीनमध्ये शेवभाजी होती. एक घास खाऊन त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हिला शेवभाजी म्हणणाऱ्याला एकदा आमच्या गावी न्यायला पाहिजे." तरी सगळी खाल्ली, वर पोळी मागून घेतली. निळा स्वेटर घातला होता.

"त्याना मायनी इणेल," आप्पा म्हणाले.

डोकं दुखतं म्हणाला होता, पण ते तो महिन्यातून दोनदा म्हणायचाच, आणि मी चष्मा तपासून घे म्हणायची. महिन्यांमागून महिने त्याला मिरचीचा रेणू दाद देत नव्हता. डोकं सोन्यावर सपाट बसायचं, पण शेपटी कुठेतरी वर उचललेली राहायची आणि टोक तिला धडकायचं. त्या दिवशी मात्र एक रेणू शेपटीसकट आडवा झोपलेला सापडला. भूषणने टोकावर नवा कार्बन मोनॉक्साइड उचलला, वेग शक्य तितका कमी केला, आणि चित्र सुरू करून दिलं. इतक्या हळू काढलेलं चित्र पुरं व्हायला रात्र जाते. बसून राहण्यात अर्थ नव्हता. पहिल्या काही रेघा नीट आल्या तेव्हा तो खुर्चीतून उठला, हात वर करून आळस दिला आणि म्हणाला, "सकाळी बघू."

आप्पा ऐकत होते. मधूनच विचारायचे, चप्पल होती की बूट, कुणाशी भांडला नव्हता ना, हसत गेला का. मी प्रत्येक गोष्ट आठवून सांगत होते. आठवता आठवता माझ्याही लक्षात आलं की वर्षभर मी ही संध्याकाळ कुणालाच सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

शेवटी त्यांनी विचारलं, "अन ते चित्र?"

"पुरं झालं. सकाळी यंत्र आपोआप थांबलं होतं. मी ते बऱ्याच दिवसांनी उघडलं. माझ्या पिशवीत आहे, घरी."

"दाखाडा."

प्रकाशा

ते चित्र त्यांना घरात पाहायचं नव्हतं. संध्याकाळी आम्ही चौघं प्रकाशाला गेलो. तापी इथे बंधाऱ्यामुळे तुडुंब भरलेली आणि जवळजवळ स्थिर आहे. दगडी घाट, वर देवळं, लांब एक होडी. दक्षिण काशी म्हणतात याला. भूषणच्या अस्थी इथेच सोडल्या होत्या. आमच्याकडे नदी वाहते आणि थोड्याच वेळात समुद्राला मिळते, त्यामुळे तिच्यात सोडलेलं गेलं असं वाटतं. इथलं पाणी पाहून वाटत होतं, काही गेलेलं नाही, सगळं इथेच आहे.

घाटाच्या पायरीवर मी पाकिटातून चित्र काढलं. करड्या पार्श्वभूमीवर एक उजळ षट्कोन आणि त्याच्यापासून नागमोडी निघालेली शेपटी, शेवटी दोन फाटे फुटलेली. आई म्हणाली, "देठसकट मिरची दिसी ऱ्हायनी." खरंच तशी दिसत होती. आम्हा कुणाला हे सुचलं नव्हतं.

आप्पांनी ते गुडघ्यावर ठेवलं. "ह्यामा वायू कोठे शे?"

"तो दिसत नाही. तो टोकाला असतो. त्याच्यामुळे बाकीचं दिसतं."

ते चित्रावर वाकले. "हाई वरतून खाले निंघस ना? रेघ रेघ?"

"हो. वरून खाली."

त्यांनी तर्जनी चित्राच्या वरच्या कडेवर ठेवली आणि अगदी हळूहळू खाली आणायला लागले. षट्कोनावरून, शेपटीच्या पहिल्या वळणावरून. मध्येच थांबले. मला कळलं ते काय विचारणार आहेत. वर्षभर मीही ह्या चित्राकडे तेच विचारत बघत आले होते.

"कोनत्या रेघलोंग व्हता तो?"

"माहीत नाही, आप्पा. ते कुणालाच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. बोट तिथे थांबवून ठेवलं नाही. शेवटच्या रेघेपर्यंत आणलं आणि मग उचललं. जागृती पाण्याकडे बघत होती. आई म्हणाली, "चांगलं काढं वं पोऱ्यानी," आणि पदराच्या टोकाने चित्रावरची न दिसणारी धूळ पुसली. चित्र त्यांच्याकडेच राहिलं.

परत

निघताना आईने मिरचीपूड बांधून दिली. आधी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी, वर कापड, वर सुतळी. "मशिनजोडे लई जाऊ नका," आप्पा म्हणाले. गंभीर चेहऱ्याने. मी हो म्हटल्यावर मिशीत हसले.

स्टेशनवर ते आणि जागृती सोडायला आले. एमएस्सीबद्दल तोपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि जागृतीने दिवसभर मला ते काढू दिलं नव्हतं. ती पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा आप्पा माझ्या खिडकीशी आले. गज धरून उभे राहिले. मग रुळांकडे बघत म्हणाले, "मॅडम, पोरीन्या खोलीले खिडकी राही ना?"

"राहील."

"उघडनारी?"

"मी स्वतः बघून घेईन," मी म्हणाले.

जागृती बाटली घेऊन आली तेव्हा आप्पा खिशातून रुमाल काढून नाक पुसत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. गाडी हलली, आणि सातपुडा परत खिडकीत येऊन बसला.

पावसाळा लागल्यावर तिची खोली ठरली तेव्हा मी किल्ली मागून घेऊन पाहायला गेले. खिडकी होती, पण जुन्या रंगाने चौकटीला घट्ट चिकटून बसलेली. वसतिगृहाच्या सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, पावसाची कशाला उघडता? पाणी आत येईल." मी म्हटलं, येऊ दे. त्याने पटाशीने कडा मोकळ्या केल्या, खांद्याने एक जोराचा धक्का दिला, आणि दोन्ही झडपा बाहेर आपटल्या.

मी तिथूनच नंदुरबारला फोन लावला.

"आप्पा, उघडते," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बरं व्हयनं. परवा पुनाले लई येस मी तिले."